डाव्या सीटवरची मांडी

"मॅडम, तुम्हाला भीती नाही वाटत?"

लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवात, दवाखान्याच्या रांगेत, मी काय काम करायचे हे कळलं की समोरचा माणूस हाच प्रश्न विचारतो. वाटते की! ज्याला गाडी येत नाही अशा माणसाच्या शेजारी रोज बसायचं, तेही आमच्या संभाजीनगरच्या रस्त्यांवर, जिथं रिक्षा कुठं वळणार हे रिक्षावाल्यालाही ऐनवेळीच कळतं, आणि वर भीती वाटत नाही म्हणायचं, म्हणजे शुद्ध थापा झाल्या. फक्त ती भीती जिभेवर येऊ द्यायची नसते. ती पायात ठेवायची.

मी ड्रायव्हिंग शिकवायचे. पुंडलिकनगरात एका गाळ्यात आमचं स्कूल होतं. ज्यांनी शिकाऊ गाडी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. शिकणारी बाई उजवीकडे स्टिअरिंगला लोंबकळलेली, आणि डावीकडे आपण, चेहरा देवळात बसल्यासारखा शांत ठेवून, पाय मात्र त्या दोन दांड्यांवर तयार. समोर म्हैस आली की बाई किंचाळते, गाडी थांबते आणि बाई खूश होऊन म्हणते, "बघा, थांबवली की नाही!" मी म्हणायचे, "छान." तिच्या आधी माझा पाय पडला होता हे तिला सांगायचं नसतं. निदान पहिल्या आठवड्यात तरी नाही.

या कामात मी आले ती मागच्या दारानं. स्कूलमध्ये मी फोन उचलायला आणि पावत्या फाडायला लागले होते. बायका यायच्या, माझ्याकडे बघून हळूच विचारायच्या, "शिकवायला बाई नाही का कुणी?" एक दिवस मालकानं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा सायकलसुद्धा धड येत नव्हती. मला शिकवलं रहीमचाचांनी. ते आमच्या स्कूलचे सगळ्यात जुने उस्ताद, पांढरी दाढी, तोंडात कायम लवंग. शिकवताना ते कधी आवाज चढवायचे नाहीत. एकदा मी एका मुलीवर ओरडले, तेव्हा गाडीतून उतरल्यावर मला म्हणाले, "बेटी, जुबान तो सब चलाते. तू पाव चला."

आणि त्यांचा एक रिवाज होता. पोरगं तयार झालं असं त्यांना वाटलं की चालत्या गाडीत ते चपला काढायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि डाव्या सीटवर मस्त मांडी घालून बसायचे. तोंडानं काही म्हणायचे नाहीत. पोराला पाय दिसले की ते गार व्हायचं, कारण आता थांबवणारं दुसरं कुणी नाही. चाचा मला सांगायचे, "जब तलक तेरे पावां नीचे हैं, गाडी तेरीच है. उप्पर ले को मांडी डाली, तो गाडी उसकी हुई." लायसन तर कागद आहे, तो सरकार देतं. पण आमच्या स्कूलमध्ये खरी पदवी ही मांडीची. चाचांनंतर तो रिवाज मी चालवला.

हल्ली रोज सकाळी मोबाइलवर कुणी ना कुणी सुविचार पाठवतं. आयुष्य म्हणजे गाडी, विश्वास म्हणजे ब्रेक, संयम म्हणजे गिअर. मी ते न वाचताच पुसून टाकते. खऱ्या ब्रेकच्या संगतीत माझा जन्म गेला आणि त्या ब्रेकनं मला कधी उपदेश केला नाही. पण काही गोष्टी अंगात मुरल्या त्या खऱ्या. त्या गाडीतून कमी आणि स्वयंपाकघरातून, शेतातून, माझ्या शेजारी बसलेल्या माणसांकडून जास्त आल्या.

बायकांना शिकवताना मला पुस्तकातली भाषा कधी उपयोगी पडली नाही. नवी बाई स्टिअरिंग असं आवळते की बोटं पांढरी पडतात. तिला 'सैल धरा' म्हटलं तर ती सोडूनच देते. मग मी विचारायचे, "भाकरी थापता ना? पीठ आवळून धरता का?" की हात बरोबर तेवढा सैल पडायचा जेवढा पाहिजे. क्लच कसा सोडायचा? दूध वर यायला लागलं की गॅस कसा बारीक करता, एका हातानं, नजर पातेल्यावर ठेवून? तसा. पायांना समजायला वेळ लागतो, पण हातांना सगळं आधीच माहीत असतं. आपल्याला काही येत नाही असं म्हणणाऱ्या बाईला किती काय येत असतं, हे मला या कामात कळलं.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. एका होणाऱ्या सुनेबरोबर तिच्या सासूबाई मागच्या सीटवर बसायच्या. सून कशी चालवते बघायला. प्रत्येक वळणावर मागून "अगं बाई!" यायचं आणि प्रत्येक "अगं बाई" ला सून कचकन ब्रेक मारायची. मान मोडायची वेळ आली. शेवटी पडेगावच्या बाजूला प्लॉटिंगच्या मोकळ्या मैदानात मी गाडी थांबवली आणि सासूबाईंना म्हटलं, "या, तुम्ही बसा." त्या नको नको म्हणत बसल्या. पहिल्या गिअरमध्ये मैदानाला एक चक्कर मारली, तेव्हा घामानं पदर भिजला होता. दुसऱ्या दिवशी मागून आवाज आला नाही. सून शिकली आणि पुढच्या महिन्यात सासूबाईंनी स्वतःचं नाव घातलं. दुसऱ्याच्या जागेवर नुसतं बसून बघितलं तरी तोंड आपोआप बंद होतं, हे मला तेव्हा कळलं, आणि घरी माझ्या यजमानांवर मी त्याचा प्रयोगही केला. एक दिवस त्यांना स्वयंपाकाला लावलं. आमटीला नावं ठेवणं त्यानंतर बरंच कमी झालं.

दुसरे दामूअण्णा. पैठणकडच्या एका गावचे. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला, म्हातारपणी मुलीनं घेतलेली कार शिकायला आले. वळण आलं की अण्णा सीटवरून अर्धे उठायचे, सगळं अंग वळणाच्या बाजूला टाकायचे. कारला त्याची गरज नाही हे त्यांच्या अंगाला काही केल्या पटलं नाही. पण मला आठवतं ते त्यांचं रिव्हर्स. मागे घ्यायची म्हटली की अण्णा गाडी थांबवायचे, दार उघडून उतरायचे, मागं जाऊन चाकांपाशी वाकून बघायचे आणि मग येऊन बसायचे. मी हसले. "अण्णा, आरसे कशाला दिलेत मग?"

"आरशात मावतं तेवढंच दिसतं, ताई," अण्णा म्हणाले. "ट्रॉलीखाली वासरू निजलेलं ऱ्हातंय, ते कुठं दिसतं? जिथं दिसत नाय तिथं उतरून बघावं. उतरल्यानं माणूस लहान व्हत नाय."

मी हसून सोडून दिलं. पण त्याच वर्षी माझी लेक कॉलेज सोडायचं म्हणून रडत फोन करायची आणि मी इथं बसून अंदाज बांधत होते. अभ्यास नको असेल, मैत्रिणी वाईट असतील, मोबाइल जास्त असेल. एक दिवस अण्णा आठवले. सुट्टी टाकली, तिच्या हॉस्टेलवर गेले, तिच्या खोलीत राहिले, तिच्या मेसचं जेवले. काय चाललंय ते दिसलं. मी अंदाज केलेल्यातलं त्यात काहीच नव्हतं. लेकीनं कॉलेज बदललं, आज ती चांगली आहे. त्यानंतर मी प्रत्येकाला रिव्हर्स शिकवताना अण्णांचं वाक्य सांगत आले.

आता कौसाबाईंचं सांगते. खरं म्हणजे त्यांचंच सांगायला बसले होते.

कौसाबाई पडेगावच्या. घर स्वतःचं, पुढं ओटा. नवरा, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते, त्यांनी आयुष्यभर एका कंपनीची कामगारांची बस चालवली. रिटायर झाल्यावर हौसेनं एक जुनी छोटी कार घेतली. ती जेमतेम सहा महिने फिरवली असेल, आणि आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचा गेली म्हणावी तर दोन शब्द तेवढे स्पष्ट यायचे, 'नको' आणि 'हळू'. व्यायामासाठी त्यांना शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागायचं. रिक्षात त्यांचा पाय दुमडायचा नाही, बसवायला दोन माणसं लागायची, खड्डा आला की कळवळायचे. दारात कार उभी, तिच्यावर कव्हर, कव्हरावर धूळ. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा प्रशांत म्हणाला, गाडी विकून टाकू आणि तुम्ही दोघं माझ्याकडं चला. मुलगा वाईट नव्हता, त्याचा जीव टांगणीला लागायचा. गिऱ्हाईकही मिळालं होतं. ते दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी नेणार होतं.

हे सगळं मला कौसाबाईंनी पहिल्याच दिवशी गाळ्यात उभ्या उभ्या सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "दसऱ्याच्या आत मला गाडी आली पायजे."

मी वय विचारलं.

"छप्पन. गाडी कुठं वय इचारती?"

"बाई, पुण्याला मुलगा इतकं बोलवतोय..."

"लेकाचं घर चौथ्या मजल्यावर हाय, मॅडम. आप्पा गॅलरीत बसतील, मी किचनमदी. तिथं मी पाव्हणी. इथं माझं दार हाय, माझी माणसं हायत. मला कुठं नाय जायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् दुसरं बी हाय. चाळीस वर्सं या माणसानं लोकाची गाडी चालवली, मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाय. म्हणायचे, बाईचं काम नाय ते. आता त्यांनी म्हणूनच दाखवावं."

मी त्यांच्या घरी गाडी घेऊन जायचे. ओट्यावर खुर्चीत आप्पा बसलेले असायचे. पहिल्या दिवशी कौसाबाई उजव्या सीटवर बसल्या तेव्हा ओट्यावरून आवाज आला, "नको." कौसाबाईंनी काच वर केली.

शिकायला त्या हळू होत्या, हे मान्य करायला हवं. पाय घाबरट. पण एकदा आलेलं पुन्हा विसरायच्या नाहीत. स्टिअरिंग तर पहिल्या दिवसापासून भाकरीच्या हातानं धरलं, मला सांगावंही लागलं नाही. अडायचं चढावर. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची म्हणजे क्लच अर्धा सोडायचा, गाडी थरथरते तिथं पाय धरायचा आणि मग ब्रेक सोडायचा. जरा चुकलं की गाडी मागे सरकते नाहीतर बंद पडते. मी त्यांना दौलताबादच्या घाटात न्यायचे. गाडी मागे सरकू लागली की त्या "आई गं!" म्हणायच्या आणि माझा पाय पडायचा.

नवरात्र जवळ आलं होतं. एक दिवस घाटात चढावर आम्ही थांबलो. कौसाबाईंनी माझ्याकडे न बघता, माझ्या पायांकडे बोट केलं.

"मॅडम, पाय वर घ्या."

मी म्हटलं, "अजून नाही. मी सांगेन तेव्हा."

"तुमचा पाय तिथं हाय तोवर माझा पाय शिकायचा नाय. त्याला ठावं हाय की तुम्ही हायत." त्यांचा आवाज वाढला नव्हता. "घरात बी असंच झालं. हे व्हते, मग मी कशाला काय शिकू? आता बघा कुठं आलेय. घ्या वर."

खरं सांगते, मी घाबरले. मांडी कधी घालायची हे शिकवणाऱ्यानं ठरवायचं असतं, शिकणाऱ्यानं नाही. चाचांच्या रिवाजात हे बसत नव्हतं. मागं एक जीप येऊन थांबली होती. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चपला काढल्या. दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली, आणि पाय आपणहून खाली जाऊ नयेत म्हणून वर दोन्ही हात ठेवून बसले.

कौसाबाईंनी क्लच सोडला. गाडी बंद पडली आणि मागे सरकली. जीपवाल्यानं हॉर्न लावला. माझ्या तळपायांना अक्षरशः खाज सुटली. कौसाबाईंनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं, जीपवाल्याला आरशातून म्हणाल्या, "थांब रे बाबा, मी बी कुठं पळाले नाय," आणि पुन्हा चावी फिरवली. या वेळी क्लच असा सुटला की गाडीनं नुसता श्वास घेतला आणि वर निघाली. वर पोचल्यावर माझा गुडघा असा धरला होता की मला पाय खाली घेता येईना. कौसाबाईंनी उतरून, माझ्या बाजूला येऊन, माझा पाय हातानं सोडवला. मग आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो.

घरी पोचल्यावर त्यांनी फाटकातूनच ओरडून सांगितलं, "अहो, आज मॅडमनी मांडी घातली! घाटात!"

आप्पा ड्रायव्हर माणूस. त्यांना अर्थ विचारावा लागला नाही. त्यांनी माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल की यानंतर सगळं सुरळीत झालं. छे. लायसनच्या परीक्षेत कौसाबाई नापास झाल्या. मागे घेताना गाडी खांबाला टेकली. मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांची समजूत काढायला लागले, तर त्यांनीच मला थांबवलं. "पहिली भाकरी कधी फुगलीय का कुणाची? तवाच तापलेला नसतो. म्हणून काय पीठ टाकून देतं कुणी?" चहा संपवला आणि म्हणाल्या, "चला, रिव्हर्सची प्रॅक्टिस करू." दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. नापास झाल्यावर मी स्वतः घरी जाऊन डोकं धरून बसणारी बाई. पहिली भाकरी तव्याला द्यायची असते, एवढं साधं मला इतकी वर्षं पोळपाटाशी राहून सुचलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी कौसाबाईंचा फोन आला. प्रशांत आला होता, लायसन पाहून "आई, भारी!" म्हणाला होता आणि तरीही गाडी विकायचीच म्हणत होता. लायसन मिळालं म्हणजे आप्पांना घेऊन जाता येईल असं थोडंच आहे? त्यांना काही झालं तर? कौसाबाईंनी त्याला सांगितलं होतं की आप्पा पूर्वी शनिवारी दौलताबादचा घाट चढून भद्रा मारुतीला जायचे, आज मी नेते. तू मागं बस. परत आल्यावर काय ते ठरव.

"तुम्ही बी या," त्या मला म्हणाल्या. "मागं बसा. ही माझी गाडी हाय, हिला दुसरा ब्रेक नाय."

कारवरचं कव्हर निघालं होतं. आप्पांना पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे सरकवून उजवा पाय लांब ठेवला. त्यांच्या मागं प्रशांत, कौसाबाईंच्या मागं मी. मला तिरकं आप्पांचे पाय दिसत होते.

गाडी निघाली आणि आप्पांचा डावा पाय रबरी चटईवर दाबला गेला. ज्या पायानं आयुष्यभर ब्रेक मारला तो उजवा आता कामातून गेला होता, म्हणून बिचाऱ्या डाव्यानं ड्युटी घेतली होती. समोर ट्रक आला, पाय दाबला. स्पीडब्रेकर, पाय दाबला. बरोबर "हळू". थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, माझेही पाय दाबले जातायत. शेजारी बघते तर प्रशांतचेही. गाडीत आम्ही तिघं जीव खाऊन ब्रेक मारत होतो आणि ब्रेक होता एकट्या कौसाबाईंकडे.

दौलताबादचा किल्ला मागं टाकला की घाटाच्या तोंडाशी रस्ता एका जुन्या दगडी दरवाज्यातून जातो. तो एका वेळी एका गाडीपुरताच. सुट्टीचे दिवस, गर्दी. कौसाबाईंनी गाडी दरवाज्यात घातली आणि त्याच वेळी वरून पर्यटकांची बस समोर येऊन उभी राहिली. बस मागे चढणार नव्हती. आमच्या मागे दोन गाड्या आणि एक टेम्पो. सगळ्यांनी एकदम हॉर्न लावले. दगडी कमानीत तो आवाज असा घुमला की मला काही सुचेना.

"हळू," आप्पा म्हणाले. "नको. नको."

"आई, उतर. मी घेतो," प्रशांतनं दाराला हात घातला.

"बस," कौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवून बंद केली, दार जेमतेम उघडेल तेवढं उघडलं आणि दोन भिंतींच्या मधून अंग चोरून उतरल्या. मला दामूअण्णा आठवले. कौसाबाई मागं गेल्या. वाकून दोन्ही बाजूच्या दगडांपर्यंत किती जागा आहे ते बघितलं. मग मागच्या गाडीवाल्याच्या काचेवर बोटानं टकटक केलं. "दादा, जरा मागं घ्या. टेम्पोवाल्या भाऊला बी सांगा. तुमचं झालं की मी घेते." हॉर्न वाजवणारा एकेक माणूस गप्प होऊन मागे सरकला. छप्पन वर्षांची नऊवारीतली बाई भर दरवाज्यात उतरून बघतेय, तिला हॉर्न काय वाजवणार?

त्या येऊन बसल्या. पदर कमरेला खोचला. गाडी मागे घेतली, दगडाला न लावता, हळूहळू, आरशात बघत, कारण आता आरशाबाहेरचंही त्यांनी पाहून घेतलं होतं. बस आमच्या शेजारून गेली तेव्हा बसच्या ड्रायव्हरनं उजव्या खिडकीतून आत वाकून पाहिलं, कौसाबाईंना पाहिलं आणि हात कपाळाला लावला. ड्रायव्हर लोकांचा तो सलाम आप्पांनी आयुष्यात हजारदा केला असेल. त्यांची मान तिकडे वळली आणि तशीच राहिली.

पुन्हा चढ. पुन्हा दरवाजा. गाडी चढावर थांबलेली. कौसाबाईंनी क्लच अर्धा सोडला, गाडी थरथरली, त्यांनी तिथं पाय धरला. मी डोळे मिटून घेतले. माझी आई माझ्या गाडीत नेहमी अशीच डोळे मिटून बसायची. तिला उजव्या सीटवर एकदा तरी बसवायला हवं होतं, असं मला तेव्हा फार वाटलं. शहरभर बायकांना शिकवलं आणि घरातली राहिली. आता ती नाही.

डोळे उघडले तेव्हा आम्ही दरवाजा ओलांडून घाटात होतो. गाडी एक बोटही मागे सरकली नव्हती.

पहिलं वळण आलं. मी सवयीनं आप्पांच्या पायाकडे पाहिलं. तो चटईवर नव्हता. चप्पल खाली सुटून पडली होती. आप्पांनी डाव्या हातानं पायजम्याचा घोळ धरला, पाय ओढून वर घेतला आणि सीटवर दुमडून ठेवला. उजवा खालीच राहिला, तो कुठं येणार? अर्धी का होईना, पण ती मांडी होती. पुढच्या वळणाला त्यांच्या तोंडून 'हळू' आलं नाही.

कौसाबाईंना ते दिसलं नाही. त्यांची नजर रस्त्यावर होती. प्रशांतला मात्र पुढच्या दोन सीटांच्या फटीतून दिसलं. मग त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि म्हणाला,

"भाऊ, उद्या येऊ नका. गाडी द्यायची नाही. आई चालवते."